दोन बोटांचं जाळं

मंगरूमामा कुठलीही वस्तू बोटांनी मोजल्याशिवाय हातात घेत नसे. भाताच्या गंजात पाणी किती, तर दीड पेर. नवा सदरा अंगात घालण्याआधीच त्याची बाही चार बोटं जास्त आहे हे त्याने सांगून टाकलेलं असे. मी पहिला मोठा मोबाइल घेऊन त्याच्याकडे गेलो, तेव्हा सगळ्यांनी किंमत विचारली. मामाने मोबाइलवर आडवी बोटं ठेवली, "चार बोटं रुंद हाय, खिशातून पडन," म्हणाला आणि परत दिला. पुढच्याच आठवड्यात तो खिशातून पडला.

हा मामा रक्ताचा नव्हे. साकोलीहून दिघोरीकडे जाताना आतल्या अंगाला माझ्या आईचं गाव आहे. आजोळची मंडळी धान पिकवणारी आणि मामा तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या ढिवरांच्या टोलीतला, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतला. पण आईच्या गावचा प्रत्येक पुरुष आम्हा भावंडांचा मामाच होता आणि या मामाने ते नातं सख्ख्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. मी शाळकरी पोर होतो तेव्हापासून तो मला 'भासेबुवा', म्हणजे भाचेबुवा, म्हणायचा. पुढे मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागलो, मापं तपासायच्या खात्यात. दिवसभर व्हर्नियर घेऊन बसायचं आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी वाद घालायचा, ही माझी नोकरी. मामाला तिची फार गंमत वाटे. "लोखंडाचं बोट घेऊन बसते आमचा भासा," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

त्याचं स्वतःचं बोट मात्र गावाचं माप होतं. मच्छीमार सोसायटीच्या तलावात रोहू-कतला माशांचं बीज सोडलं जाई. वाढलेला मासा अडकला पाहिजे आणि लहान निसटला पाहिजे, तर जाळ्याचा डोळा दोन बोटांचा हवा. ही दोन बोटं कोणाची, असा प्रश्न गावात कधी पडला नाही. इतर जण बांबूची पट्टी वापरत, पण ती पट्टी तासून झाली की मामाच्या बोटांना लावून बघत. पट्टी विसरली की माणूस म्हणे, जरा मंगरूकडे जाऊन येतो. "पट्टी लाकडाची, पान्यानं फुगते," मामा म्हणायचा. "बोट जीवाचं हाय. अना गाठ कधी खोटं बोलत नाई, भासेबुवा. मानूस बोलते."

उन्हाळ्यात मामा आणि सरजामामी मिळून सोसायटीचं लांब जाळं विणत. ओसरीच्या एका टोकाला तो बसे, दुसऱ्या टोकाला ती, पाठीला पाठ करून. विणताना दोघं बोलत नसत, एकमेकांचं काम बघत नसत. मामी डावखुरी, त्यामुळे तिची गाठ डावीकडे कलायची आणि मामाची उजवीकडे. कोणती गाठ कोणाची हे लहान मुलालाही ओळखू येई. महिनाभराने दोन्ही भाग मधोमध भेटत. त्या दिवसाला ते जोडाचा दिवस म्हणत आणि घरात गुळाचा शिरा होई. मी मुद्दाम त्या दिवशी जायचो, शिऱ्यासाठी आणि तो जोड पाहण्यासाठी. शेकडो डोळे, दोन माणसं, मापाचं साधन कुठलंही नाही आणि दोन्हीकडची शेवटची ओळ अशी भिडायची की आमच्या फॅक्टरीतल्या भल्याभल्यांनी मान खाली घालावी.

एका वर्षी तो जोड जमला नाही. डोळे तितकेच होते, पण मामाच्या बाजूची ओळ तीन-चार बोटं उंच निघाली. मामाने दोन्ही कडा एकमेकींना लावून पाहिल्या, पुन्हा लावल्या.

"सरजे, डोळे बारीक पाडलेस."

"नाई जी. दोन बोटंच हाय."

"मंग हे काय हाय? उसव हातभर. मोठे पाड."

मामी माझ्याकडे बघत होती. मी त्या घरातला शिकलेला, शिवाय मापाचा माणूस. मी काय म्हणालो ते मला आजही आठवतं. मी हसत म्हणालो, "मामी, मामाचं माप कधी चुकलं आहे का?" ती दाभण घेऊन बसली आणि गाठीमागून गाठ सैल करत हातभर जाळं उसवलं. मग मामाच्या बाजूशी जुळेल असे मोठे डोळे पाडत परत विणलं. त्या वर्षी शिरा झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यातही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. दर वर्षी थोडं जास्त. जाळ्यातून मासा निसटू लागला आणि सोसायटीत कुरकुर सुरू झाली. एकदा पाळीवर मासोळीची वाटणी चालू असताना कोणीतरी म्हणालं, मंगरू, जाळ्यात दम नाही राहिला. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "जोडाजवळून जाते मासा. तिथं सरजेची गाठ हाय." मामी तिथेच टोपली धरून उभी होती. त्या दिवसानंतर ती वाटणीला पाळीवर गेली नाही, सुनेला पाठवू लागली. कोणी विचारलं तर सांगे, पाय दुखतात.

पाय खरं तर मामाचे बिघडायचे होते, पण ते नंतर. त्याआधी बारीकसारीक गोष्टी घडत होत्या आणि कोणी त्यांची मोळी बांधत नव्हतं. चहाचा कप हातातून सुटायचा. सदऱ्याच्या गुंड्या नात लावून द्यायची आणि मामा म्हणायचा, लाडाची हाय, लावू दे. एकदा जाळं ओढताना दंडात कट् झालं आणि दंडाची बेडकी घसरून कोपराजवळ येऊन बसली. दुखणं आठवडाभरात थांबलं, गोळा तिथेच राहिला. तो गोळा नाचवून मामा पोरांना हसवायचा. आपला मामा म्हातारा होतोय, इतकंच मी मनाशी म्हणायचो.

मग पाळ चढताना त्याला धाप लागू लागली. पावलं सुजली, बोट दाबलं की खळगा पडे. ब्लड प्रेशरची गोळी त्याला पूर्वीपासून चालू होती, पण आता ती घेतली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तो अंगणातच पडला. साकोलीच्या डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी करायला लावली. हृदयाच्या भिंती जाड झालेल्या निघाल्या आणि त्यांनी नागपूरला पाठवलं. मी रजा टाकली आणि मामा-मामीला घेऊन गेलो.

तिथली हृदयाची डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी होती. तिने कागद वाचले आणि मग मामाचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेतले. आम्ही हृदय दाखवायला आलो होतो आणि ही बाई हात बघत बसली होती. अंगठ्याखालचं मांस पार बसलं होतं, मला ते तेव्हा दिसलं. तिने दंडावरचा गोळा पाहिला. तो कधीचा म्हणून विचारलं. मग म्हणाली, "आजोबा, हातांना मुंग्या येतात? बोटं बधिर होतात?"

"थोडीशी."

"कधीपासून?"

"औंदापासून," मामा म्हणाला.

तिने टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग आम्हा तिघांना समजेल असं बोलली. जाड हृदयाची कारणं बरीच असतात. पण एका दुर्मीळ रोगात मनगटं आधी जातात आणि हृदय कित्येक वर्षांनी. हात नुकतेच बधिर झाले असतील तर शोध एकीकडे घ्यावा लागेल, फार पूर्वीपासून असतील तर दुसरीकडे. "घाईनं सांगू नका. आठवड्यानं तपासण्यांना याल, तेव्हा नीट आठवून सांगा. माझी निम्मी दिशा त्यावर ठरेल."

"औंदापासून," मामा परत म्हणाला. मामी त्याच्या मागे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता.

परतीच्या बसमध्ये मामाला खिडकीशी डोळा लागला. मामी माझ्या बाजूला सरकून हळू आवाजात म्हणाली, "बाबू, तू मापाचा मानूस हायेस. घरचे जाळे मोजून पाय ना."

"कोणते?"

"सारेच. मले माहे बोटं ठाऊक हाय. तरी तू मोज."

त्या घरात जुनं जाळं कधी फेकलं जात नसे. विरलं की मधला चांगला भाग कापून घरकामाला घेत, जोडाजवळचा, कारण तो सर्वांत कमी वापरात येई. नातीचा झोका जाळ्याचा होता, ती जन्मली त्या वर्षीचा. नात आता आठवीत होती. कांदे टांगलेलं जाळं तलाव पाळीवरून वाहिला त्या वर्षीचं. भोपळ्याच्या वेलाचा मांडव लॉकडाउनमध्ये मुलीचं लग्न दहा माणसांत उरकलं तेव्हाचा. कोंबड्यांच्या खुराड्याचं त्याच्या दोन वर्षांनंतरचं. आणि ओसरीवर चालू जाळं. मी जवाहरनगरहून माझं स्वतःचं व्हर्नियर आणलं आणि रविवारी सकाळी घर मोजायला घेतलं. प्रत्येक तुकड्यात उजवीकडे कललेल्या गाठींचे दहा डोळे, डावीकडे कललेल्यांचे दहा. नात तिच्या वहीत आकडे लिहून घेत होती.

मामा खाटेवर बसून मजा बघत होता. "तुह्या लोखंडाच्या बोटाले काय समजते, भासेबुवा? त्याले पानी समजत नाई, मासा समजत नाई."

झोका दोन्हीकडे सारखा निघाला. कांद्याचं जाळंही सारखं, केसभर फरक. मांडवात मात्र मामाचा डोळा मोठा होता. मामीचा आधीइतकाच होता, फक्त जोडाजवळच्या हातभर भागात मोठा, जिथे तिला उसवून परत विणायला लावलं होतं. खुराड्यात मामाचा आणखी मोठा. ओसरीवरच्यात त्याहून. मी तिन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि वाचताना माझाच आवाज खाली गेला. इतकी वर्षं मी त्या ओसरीवर शिरा खायला बसत होतो आणि हातात असलेली विद्या एकदाही वापरली नव्हती.

मामाचं हसू गेलं होतं. "मांडवाचं पुन्हा मोज."

मी मोजलं.

"अजून येक डाव."

मी तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच होता.

"अना सरजेचं?"

"तेवढंच, मामा. झोक्यापासून आजपर्यंत तेवढंच."

त्याने आपली दोन बोटं डोळ्यांसमोर धरली. मग म्हणाला, "बोटाले सुताचा पत्ताच लागत नाई. पोरीच्या लग्नाच्या आंधीपासून. सूत तानलं का ढिलं हाय, काई समजत नाई. डोळ्यानं पाहून वीनत होतो."

"मंग सांगितलं काहून नाई?" हे मामी म्हणाली. तिला मी इतक्या सरळ काही विचारताना प्रथमच ऐकत होतो.

"कसं सांगू? हात गेला म्हटलं का मानूसच गेला." आणि मग, बाहेर बघत, "मले वाटलं, बधिर झालं तरी माप चुकत नसन. तुहंच चुकून राहिलं असं वाटलं."

मामी उठली आणि चूल पेटवायला आत गेली. तोवर दुपार झाली होती आणि त्या घरात दुपारी चूल पेटत नसे.

वहीतलं ते पान घेऊन आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरीणबाईने ते दोनदा वाचलं. झोका, कांदे, मांडव, खुराडं. "रोगाचा इतका नेमका इतिहास मला अजून कोणी दिला नव्हता," ती म्हणाली आणि पानाची झेरॉक्स काढून फाइलला लावली. मग रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या, एक खास स्कॅन झाला आणि रोगाला नाव मिळालं. अमायलॉइडोसिस. आमच्यापैकी कोणालाच ते पहिल्या वेळी उच्चारता आलं नाही.

तिने समजावलं ते असं. आपल्या यकृतात एक प्रथिन तयार होतं. रक्तातून काही जिन्नस वाहून न्यायचं काम ते करतं. उतारवयात काही जणांच्या शरीरात त्याची घडी बिघडते, बिघडलेले कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे बारीक धागे अवयवांत साचत जातात. शरीराला ते काढून टाकता येत नाहीत. मनगटात नस जाते ती जागा मुळातच अरुंद, म्हणून बोटं आधी बधिर होतात. दंडातल्या स्नायूची दोरी त्यामुळेच तुटली होती. हृदयात साचले की भिंत जाड आणि ताठ होते. ती नीट सैलावत नाही, म्हणून धाप आणि सूज. वंशात उतरणारा प्रकारही असतो, पण मामाच्या रक्तात तो निघाला नाही. मुलाला, मुलीला, नातीला भीती नव्हती.

मामा लक्ष देऊन ऐकत होता. "म्हंजे गाठ चुकली," तो म्हणाला. "येक चुकली का तिच्यावर दुसरी चुकते. अना उसवता येत नाई."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाली. "नवी गाठ पडायचा वेग कमी करता येतो. पडलेल्या उसवता येत नाहीत. आणि आजोबा, यात चूक कोणाचीच नाही, बरं का."

"रोगात कोनाची नसन, बाई. जाळ्यात होती."

तिला त्याचा अर्थ लागला नाही. मामीला लागला.

ब्लड प्रेशरची गोळी बंद झाली, लघवी होण्याची सुरू झाली, मीठ चिमटीवर आलं. अंधारी थांबली, सूज उतरली. हा रोग बरा होणार नव्हता हे त्याला साफ सांगितलेलं होतं, तरी जगण्यासारखे दिवस परत आले. पाळ चढता येऊ लागल्यावर तो पहिल्यांदा गेला तो मासोळीच्या वाटणीला. मामीला बळेच सोबत नेलं. टोपल्या भरणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, दम घेत घेत बोलला. "जोडाजवळची सरजेची गाठ बरोबर होती. माही चुकत होती, पोरीच्या लग्नाच्या सालापासून. मी मोठ्या तोंडानं तिचं नाव घेतलं होतं म्हनून सांगून राहिलो. आता माप पायजे असन तं तिच्या बोटानं घ्या."  मग सोसायटीचे अध्यक्ष पट्टी घेऊन पुढे आले आणि मामीने डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली. "गावाचं माप डावखोरं झालं आता," मामा म्हणाला, तेव्हा कुठे लोक हसले.

पण एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. ओसरीवरचं चालू जाळं त्याने पुढ्यात ओढलं आणि आपला निम्मा भाग उसवायला घेतला. त्याच दाभणाने. बोटांना काही कळत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गाठीत टोक गेलं की नाही हे डोळ्यांजवळ नेऊन बघावं लागे. तो उसवत जाई आणि मागोमाग मामी आपल्या दोन बोटांनी विणत जाई. आता पाठीला पाठ नव्हती, समोरासमोर बसत. मी त्याला म्हणालो, "मामा, मशीनवर विणलेलं जाळं बाजारात मिळतं. मी आणून देतो. उन्हाळे घालवशील यात."

"तिनं किती उन्हाळे उसवलं, मोजलं तुवं?" तो म्हणाला. "तेवढा वेळ माहा जाऊ दे."

दीड वर्ष तो बसला. कधी दिवसाला वीस गाठी, कधी पाच, कधी नुसताच दाभण हातात धरून. माझ्या प्रत्येक फेरीत किती राहिलं ते बोटांनी सांगायचा आणि मग स्वतःच म्हणायचा, "माह्या बोटावर भरोसा नोको ठेवू, सरजेले पूस." मीही तिलाच विचारायचो. एप्रिलमध्ये सूज परत चढली आणि या वेळी गोळ्यांना ऐकेना. साकोलीच्या दवाखान्यात तीन दिवस होता. चौथ्या दिवशी दुपारी गेला. मामी जवळ होती. मी फॅक्टरीच्या बसमध्ये होतो.

दिवसकार्य झाल्यावर महिन्याभराने मी गेलो. जून उजाडायचा होता आणि सोसायटीला जाळं हवं होतं. ओसरीवर ते गुंडाळून ठेवलेलं होतं, तयार. मी सवयीने जोडापाशी उलगडलं. सगळ्या गाठी डावीकडे कललेल्या, एकसारख्या. फक्त मधोमध चार बोटं रुंदीचा एक पट्टा उजवीकडे कललेला होता, मोठ्या डोळ्यांचा. तेवढं उसवायचं राहून गेलं होतं.

"मामी, हे राहिलं."

"ठाऊक हाय."

"विणायला वेळ नसेल तर दोन दिवस थांबतील ते. इथून मासा जाईल."

तिने जाळ्याचं आपलं टोक खांद्यावर घेतलं.

"जाईन तं जाऊ दे, बाबू. तेवढे त्याच्या वाट्याचे."

मी दुसरं टोक खांद्यावर घेतलं आणि आम्ही पाळीकडे निघालो.